ग्रिलला लाल रंग

१४ जुलै, रविवार

चर्चमधून बाहेर पडताना आमच्या जुन्या दोस्तानं, रोलीनं, पायरीवर उभं राहून सगळ्यांना जाहीर केलं, की यंदा लेबर डेचं जेवण त्याच्या अंगणात. मला वेगळं सांगायची गरज त्याला वाटली नाही. मी त्याच्या कोपराशीच उभी होते.

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे आमचं अंगण, हे या गावात कुणाला विचारावं लागत नाही. आमची लेक जनेल रांगत होती तेव्हापासून हे चालू आहे. ग्रिलपाशी ड्वाइट, त्याच्या भोवती हातात बिअर घेतलेले पुरुष, आणि बायका टेबलावर बटाट्याचं सॅलड झाकत माश्या हाकलणार. गेल्या वर्षी त्याच दिवशी, त्याच ग्रिलसमोर ड्वाइट, माझा नवरा, गेला. मी तेव्हा दुकानात होते, कारण महाराज बन आणायला विसरले होते. सगळा जन्म एकत्र काढला आणि जायच्या वेळी मला बन आणायला पाठवलं.

"तुला दगदग नको, म्हणून," रोली म्हणाला. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"माझी दगदग तू कधीपासून मोजायला लागलास रे?"

बेव्हनं नवऱ्याची बाही ओढली आणि दोघं गाडीकडे चालू लागले.

मला न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. गुरुवारचे पत्तेही असेच बंद झाले. युकर चौघांचा खेळ, ते दोघं आणि आम्ही दोघं. एक जोडीदार उठला की दुसऱ्याचं काय काम? दफनाच्या दिवशी गळ्यात पडून रडले सगळे, आणि नंतर एका गुरुवारी फोन वाजला असेल तर शपथ.

तर माझं ठरलं. जेवण माझ्याच अंगणात, त्याच दिवशी, त्याच ग्रिलवर. कुणी आलं नाही तर निदान एवढं कळेल, की इतकी वर्षं मी या लोकांची कोण होते. ड्वाइटची बायको, की आणखीही कुणी.

१६ जुलै, मंगळवार

गॅरेजमागून ग्रिल ओढून काढलं. एक चाक फिरत नाही, बाजूची लाकडी फळी पांढरी पडलीय, पाय गंजलेत. हे सगळं अपेक्षित होतं. झाकण उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशीचं मांस तसंच जाळीला चिकटलेलं. बर्गर असावेत, आता नुसते कोळशाचे गोळे. म्हणजे कुणीतरी गॅस बंद केला, झाकण आपटलं, ग्रिल गॅरेजमागे ढकललं, वर कापड टाकलं आणि घरी गेलं. इतके मोठे बाप्ये उभे होते तिथे! एकाच्याही हाताला खरवडणं सापडलं नाही?

जाळ्या काढून बादलीत अमोनियात बुडवल्या. वास असा, की शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

जनेलला फोन केला. फिनिक्सला असते ती, तिथे म्हणे घरात बसूनही माणूस भाजून निघतं. म्हणाली, "मॉम, फेकून दे ते. मी नवीन पाठवते."

"मग बापही नवीन पाठव," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मॉम, तू कुणाशी बोलतेस का ग? कुणाशी तरी बोलत जा."

कुणाशी बोलू? भिंतीशी?

२१ जुलै, रविवार

चर्चला गेले नाही. देवावर राग नाही, त्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांवर आहे.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत होते. मला वाटलं रंग उडालाय. काल हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आतून द्यायचा रंग मागितला. डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की हा रंग आतून द्यायचाच नसतो, आणि ते पापुद्रे रंगाचे नाहीतच. ती वर्षानुवर्षांची चरबी, धुरात वाळून खपली झालेली. म्हणजे ड्वाइटनं कधी झाकण आतून घासलंच नव्हतं! आणि मी तव्यावर एक डाग ठेवला तर बोट फिरवून दाखवायचा. लाकडाच्या पट्टीनं सगळं खरवडलं. बादलीभर निघालं.

दुकानात मर्व्ह दिसला. तोच मर्व्ह, ज्यानं माझ्या अंगणात बसून खाल्लेल्या कणसांच्या सालपटांवर एक गाय जगली असती. मी हात वर केला. त्यानं हातातले खिळे होते तिथे ठेवले आणि मागच्या दारानं निघून गेला. खिळे न घेता! एका विधवेला "कशी आहेस" विचारायला लागू नये म्हणून माणूस आपलं काम सोडून पळतो. लाज वाटली पाहिजे.

२७ जुलै, शनिवार

बेव्ह आली होती. आली म्हणजे पुढच्या दारात उभी राहिली, हातात नूडल्सचं कॅसरोल. वर्षभरात ही बाई महिन्याला एक कॅसरोल पायरीवर ठेवून जाते, मांजराला बशी ठेवावी तशी. मी दार उघडेपर्यंत अर्ध्या वाटेवर पोचलेली असते. आज मी तिला पकडलं.

"मागे ये. काय चाललंय ते बघ."

"नको ग, ओव्हन चालू ठेवून आलेय."

"ओव्हनमधलं तर तुझ्या हातात आहे. आत काय उरलंय?"

आली शेवटी, पण घराच्या कोपऱ्यापर्यंतच. अंगणात पाऊल टाकलं नाही. तिथूनच ग्रिलकडे बघत राहिली, जाळ्या बाजूला वाळत घातल्या होत्या तिकडे.

"तू ते साफ केलंस?"

"मग काय करू? तुम्ही ठेवलं होतंत तसंच ठेवू?"

तिनं डोळ्याला रुमाल लावला. कांदे चिरून आली असेल. म्हणाली, "लव्हॉन, रोली हल्ली झोपत नाही ग." आता तिच्या नवऱ्याच्या झोपेचं मी काय करू? माझा नवरा झोपलाय तो उठत नाही, त्याचं आधी बघा म्हणावं.

कॅसरोल मात्र चांगलं होतं. सगळं खाल्लं. रागात भूक लागते मला.

३ ऑगस्ट, शनिवार

आज गॅसचं काम. नळी चिरलेली होती, नवीन आणली. बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांनी जाळी करून ठेवलेली, गॅसच्या वासाला भुलतात म्हणे मेले. बाटली धुवायचा ब्रश आत घालून ओढून काढली. बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली. मग साबणाचं पाणी जोडावर लावून बघितलं, बुडबुडे आले तर गळती. एका ठिकाणी आले, पाना घेऊन आवळलं, थांबले.

आणि मग पेटवलं. बटण दाबून फिरवायचं, टक्, आणि ज्योत. एवढंच! एवढ्यासाठी हा माणूस दर वर्षी लढाईला निघाल्यासारखा ॲप्रन बांधायचा, आणि मी जवळ गेले की चिमटा आडवा धरून म्हणायचा, "मागे हो, लव्हॉन, हे बाप्यांचं काम." मी रोज चाळीस पोरं बसमध्ये भरून बर्फातून शाळेत पोचवत होते, आणि मला आगीपासून लांब ठेवायचा.

पहिल्यांदा ज्योत पिवळी आली. हवेची झडप सरकवून निळी केली. ते बघायला तो हवा होता. म्हणजे कबूल करायला लावलं असतं मी त्याला.

मग काय वाटलं कोण जाणे, रोलीला फोन लावला. वर्षभर विचारायचं राहिलं होतं.

"शेवटचं काय बोलला रे ड्वाइट?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"रोली, मी बन आणायला गेले होते. तू शेजारी उभा होतास. काहीतरी बोलला असेलच ना?"

"काही नाही, लव्हॉन. पटकन झालं सगळं."

आणि फोन ठेवला. ठेवला! वर्षभर मला हेच एक वाक्य सगळ्यांनी फिरवून फिरवून वाढलंय. पटकन झालं. जसं काही मी टपाल कधी आलं ते विचारतेय.

११ ऑगस्ट, रविवार

गंज काढला. ड्वाइटच्या ड्रिलला तारेचा ब्रश लावून झाकण घासलं, खांद्यापर्यंत हात थरथरत होता. ज्याच्या त्याच्या नावानं घासलं. रोलीच्या नावानं सगळ्यात जास्त, त्या बाजूचा पत्रा आता आरशासारखा झालाय.

रंगाचंही ठरलं. लाल.

हे वाचून आमच्या काउंटीत कुणालाही घेरी येईल. आयोवात माणूस एकतर हिरव्या ट्रॅक्टरचा असतो नाहीतर लाल ट्रॅक्टरचा. धर्म बदललेला चालतो, रंग नाही. ड्वाइट आणि रोली जन्मभर हिरव्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये राबले. आमच्या घरात लाल टॉवेलसुद्धा नव्हता. जनेल एकदा लालवाल्यांच्या पोराबरोबर नाचाला गेली, तर बाप तीन दिवस गॅरेजमध्ये जेवला.

आणि मर्व्ह पक्का लाल. दर वर्षी ग्रिलपाशी त्याचा एकच टोमणा, "ड्वाइट, माझ्या लालनं यंदा तुमच्या हिरव्याच्या आठवडाभर आधी शेत मोकळं केलं." की झालं! ड्वाइट छाती धरणार, जीभ बाहेर काढणार, चिमट्यासकट गवतावर धाडकन कोसळणार. पोरं किंचाळायची, बाप्ये टेबलं बडवायचे. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी पहिल्यांदाच बघितल्यासारखे हसायचे सगळे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "ऊठ, गवताचे डाग निघत नाहीत!"

तर आता बघ म्हणावं वरून. तुझं ग्रिल लाल. धर छाती.

लालवाल्यांच्या दुकानातच गेले रंग आणायला. इंजिनाला देतात तो, उष्णता सोसणारा. काउंटरवरच्या मुलीनं कार्डावरचं माझं नाव बघितलं. "मिसेस ह्रुस्का? तुम्ही? इथे?" मी म्हटलं, "हो. आणि दोन डबे दे." खालच्या पेटीला मात्र काळाच आणला, भट्टीचा. ती जास्त तापते.

१७ ऑगस्ट, शनिवार

हात दाखवून अवलक्षण.

झाकणावरच्या थर्मामीटरला चिकटपट्टी लावली, बाकी भाग वर्तमानपत्रात गुंडाळला, सगळं नीट. आणि मग रागाच्या भरात एकाच दमात अख्खं झाकण रंगवायला गेले. रंग ओघळला. त्यात वारा सुटला, शेतातला भुसा उडाला, दोन माश्या चिकटल्या त्या वेगळ्याच. लाल झाकणावर माश्या पाय झाडतायत आणि मी बघतेय.

तिथेच उलट्या बादलीवर बसून रडले. दु:खानं नाही, रागानं. दु:खानं रडायला निदान सोबत लागते.

मग उठले, सगळं पुन्हा घासलं, थिनरनं पुसलं, गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि पातळ, पातळ हात दिले. एक वाळला की दुसरा. या कामात घाई चालत नाही, आणि माझ्याकडे घाईशिवाय काही नसतं.

२४ ऑगस्ट, शनिवार

रंग भाजून पक्का केला. मंद आचेवर रिकामंच तापवायचं. असला उग्र दर्प सुटला, की गावाला वाटलं असेल ह्रुस्कांची बाई घर जाळतेय. निवल्यावर नखानं ओरखडून बघितलं. निघत नाही.

देखणं झालंय. माझंच मला पटेना. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, अशी चीड आली त्या वाटण्याची.

मग एकेकाला फोन केले. सोमवार, दुसरी तारीख, दुपारी, नेहमीच्या जागी. रोली म्हणाला, "लव्हॉन, असं नको करूस." बेव्ह पलीकडून काहीतरी कुजबुजत होती. मर्व्हनं फोन उचलला नाही, यंत्रावर निरोप ठेवला. बाकीच्यांचं एकच, "बघू." मी पण म्हटलं, बघूच.

१ सप्टेंबर, रविवार

मांसाचे गोळे वळून ठेवले. कणसं आणली. या वेळी बन सगळ्यात आधी आणले.

उद्या कुणी आलं नाही तर? घर विकून फिनिक्सला जाईन. जनेलला तसं सांगूनही टाकलंय. ज्या गावात आपलं एक माणूस नाही, तिथे नुसत्या मक्यासाठी कशाला राहायचं?

२ सप्टेंबर, सोमवार

कुणी आलं नाही.

खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर चौकटीचं कापड, कोपऱ्यांवर दगड. बारा वाजले, एक वाजला. रोलीच्या घराकडून गाण्यांचा आवाज येत होता, वारा तिकडचाच होता.

मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले आणि आतून काहीतरी फुटलं. गॅरेजमधल्या दोन फळ्या काढून ड्वाइटच्या पिकअपला लावल्या. ग्रिल एकटीनं वर चढवलं. चढवताना एका पायाचा रंग गेला, गेला तर गेला. सिलेंडर आणि ग्रिल उभेच दोरांनी आवळले, मांस पुढे शेजारच्या सीटवर ठेवलं, त्यालाही पट्टा लावला, आणि गावातून निघाले. पेट्रोल पंपावर एक माणूस टोपी काढून उभा राहिला. त्याला अंत्ययात्रा वाटली असेल.

रोलीच्या हिरवळीवर सरळ गाडी घातली. सगळे होते. सगळे! बेव्हच्या हातात सॅलडचं भांडं. मर्व्हच्या हातात कणीस. मी फळ्या लावल्या, ग्रिल उतरवलं आणि त्यांच्या मधोमध आणून ठेवलं. उन्हात झाकण असं पेटलं होतं, की कुणीतरी गाणं बंद केलं.

"घ्या," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही ना? मग अंगण घेऊन आलेय. ड्वाइट नाही म्हणून मीही नाही, असंच ना तुमचं? तोंडावर सांगा आणि खा काय खायचं ते."

रोली ग्रिलकडे बघत होता. त्याच्या तोंडून आधी हसल्यासारखा आवाज आला. "लाल," तो म्हणाला. "ड्वाइटचं ग्रिल, लाल." आणि मग बाकावर बसला.

"काय लावलंयस रोली?"

"मर्व्ह बोलला," रोली म्हणाला. "नेहमीचं. लालनं यंदा लवकर शेत मोकळं केलं. ड्वाइटनं छाती धरली."

माझ्या हातात चिमटा होता. तो हातातच राहिला.

"पडला. नेहमीसारखा. जीभ पण... लव्हॉन, आम्ही हसलो. मर्व्ह टाळ्या वाजवत होता. मी म्हटलं, ऊठ, नाटक पुरे, बर्गर जळतायत. उठेना, म्हणून आणखी हसलो. यंदा भारी करतोय म्हणालो. किती वेळ ते मला विचारू नकोस. वास यायला लागला तेव्हा मी वाकलो."

मर्व्ह कणीस हातात धरून लहान पोरासारखा रडत होता. "मी बोललो ग. मीच बोललो ना ते."

"त्या ग्रिलला मला हात लावता येईना," रोली म्हणाला. "तुझ्या तोंडाकडे बघवेना. दर गुरुवारी फोन उचलायचो. तू विचारशील म्हणून ठेवून द्यायचो. आणि तू विचारलंसच."

बेव्ह माझ्याकडे यायला निघाली. मी चिमटा आडवा धरला, ती थांबली.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"हसलात? अरे, हसणारच! मी असते तर सगळ्यात मोठ्यानं हसले असते. खिडकीतून ओरडले असते, ऊठ म्हणून. तो आयुष्यभर त्याचीच तालीम करत होता, तुम्ही काय करणार? पण वर्ष? अख्खं वर्ष? मी रोज सकाळी उठून समजत होते, की मी कुणाची कुणीच नव्हते. तुमची चूक झाकायला मला एकटीला घरात कोंडून ठेवलंत, आणि वर पायरीवर नूडल्स ठेवलेत!"

 

मग मी ग्रिल पेटवलं, कारण मांस उन्हात होतं. रोली उठला, डोळे पुसले, आणि सवयीनं चिमट्याकडे हात केला. "मागे हो," मी म्हटलं. तो मागे झाला. बर्गर मी भाजले, एकही जळला नाही, आणि सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ले. मर्व्हनं तीन खाल्ले, रडत रडत.

जाताना रोलीनं ग्रिल गाडीवर चढवायला हात लावला. फळी काढता काढता म्हणाला, "माफ करशील?"

"नाही," मी म्हटलं.

आणि नाहीच केलेलं. हे इथे शाईनं लिहून ठेवतेय, कारण उद्या सकाळी बेव्हचा फोन येणार, आणि तिचा आवाज ऐकून मी विरघळणार. जनेललाही सांगायचंय, की घर विकत नाही. या लोकांवर मला अजून पुष्कळ चिडायचं आहे, आणि ते काही फिनिक्सहून जमायचं नाही.